जुनी शिडाची क्रूझिंग बोट घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटीवरच राहायचं, वाऱ्यावर एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचं, रात्री नांगर टाकून झोपायचं, अशा प्रवासासाठी जुनी बोट शोधणाऱ्यांचे हे नेहमीचे प्रश्न. शर्यतीची बोट हवी असेल तर इथली निम्मी उत्तरं उलटी वाचावी लागतील.

सुरुवात कुठून करू?

कागद-पेन घेऊन. पुढच्या दोन वर्षांत कुठे फिरणार, बोटीवर नेहमी किती माणसं असणार, आणि बरोबरचं माणूस आजारी पडलं तर बोट एकट्याला हाकता येईल का, एवढं लिहून काढा. दोन वर्षं म्हटलं ते मुद्दाम. पृथ्वीप्रदक्षिणेची बोट घ्यायची आणि शनिवार-रविवार खाडीत फिरायचं, हा प्रकार फार दिसतो. अशी जड बोट हलक्या वाऱ्यात जागची हलत नाही. मालक इंजिन लावतो आणि हळूहळू शीड उभारायचाच कंटाळा करू लागतो. उलटही घडतं, किनाऱ्यालगत फिरायला बांधलेली हलकी बोट घेऊन लोक महासागरात जातात, पण पहिला प्रकार कितीतरी जास्त.

आखूडशिंगी, बहुदुधी बोट कुणीही बांधलेली नाही. वेगवान, प्रशस्त, उथळ पाण्यात चालणारी, वादळात न डगमगणारी आणि वर स्वस्त, यातल्या दोन-तीन गोष्टी एका बोटीत सापडतात. कुठल्या सोडायच्या हे आधी ठरवा, कारण एकदा बोट मनात भरली की माणूस तिचीच वकिली करायला लागतो.

दोघांना किती फुटी बोट पुरते?

बहुतेक जोडप्यांना ३० ते ३८ फूट. समुद्राला लहान बोटीचं वावडं नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ३२ फुटी ‘सुहैली’तून. प्रश्न असतो तो राहण्याचा, सामानाचा आणि पाण्याच्या टाकीचा.

३० फुटांवरून ४० वर गेलात की लांबी एक-तृतीयांशाने वाढते, पण तशाच घडणीच्या बोटीचं वजन दुपटीहून जास्त होतं. नांगर, साखळी, विंच (दोर ओढायचं यंत्र), शिडं, तळाचा रंग, धक्क्याचं भाडं, सगळा खर्च या वाढीमागे धावतो. बदल्यात जागा मिळते आणि थोडा वेग. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घेऊन तिचं वर्गमूळ १.३४ ने गुणलं की बोटीचा ढोबळ कमाल वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, मिळतो. २५ फुटांना ६.७ नॉट, ३६ फुटांना सुमारे ८. लांबच्या प्रवासात हा वेग टिकत नाही. तिशीतल्या फुटांच्या बोटीसाठी दिवसाला १०० ते १२० सागरी मैल धरून चालावं.

माझं मत विचाराल तर ज्यात सुखाने राहता येईल अशी सगळ्यात लहान बोट घ्या. बघायला जाल तेव्हा बिछान्यांवर खरोखर आडवे व्हा. पुढच्या टोकाची मोठी केबिन बंदरात राजेशाही वाटते, चालत्या बोटीत मात्र प्रत्येक लाटेला ती तुम्हाला उचलून आपटते. समुद्रावर झोपायला बोटीच्या मध्यावर सरळ, अरुंद बाक लागतो, घसरून पडू नये म्हणून कडेला कापड बांधता येईल असा. गोलाकार सोफा फोटोत छान दिसतो, झोपायला निरुपयोगी.

कील कोणती चांगली?

कील म्हणजे बोटीच्या तळाखालचा जड पंखा. लांब कील बोटीला सरळ धरून ठेवते, सुकाणूला आडोसा देते आणि तळ टेकला तरी फार कुरकुर करत नाही. पण गर्दीच्या धक्क्यात अशी बोट मागे घेताना मालकाचा घाम निघतो. फिन, म्हणजे माशाच्या परासारख्या आखूड कीलची बोट वाऱ्याच्या दिशेच्या जास्त जवळून जाते आणि पटकन वळते. तिचं सुकाणू मोकळं लोंबतं का, की त्याच्या पुढे आधाराला स्केग, म्हणजे पक्की पट्टी, आहे, ते बघा. तरंगतं लाकूड आणि मच्छीमारांची जाळी मोकळ्या सुकाणूला आधी भेटतात. भरती-ओहोटीचा मोठा फरक असलेल्या बंदरात जोडकील सोयीची, ओहोटीला बोट दोन पायांवर उभी राहते.

प्रकारापेक्षा कील पाण्यात किती खोल जाते हे जास्त महत्त्वाचं. बहामासारख्या उथळ बेटांत फिरायचं तर दीड मीटरच्या आसपासची बोट सुखाने हिंडते, दोन मीटरवाली बाहेर थांबते. वारा येतो त्या दिशेने चढताना मात्र खोल कीलचीच मजा. उंचीही विचारा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या इंट्राकोस्टल जलमार्गावरचे कायमचे पूल साधारण ६५ फूट उंचीचे धरले जातात. डोलकाठी आणि तिच्यावरची अँटेना त्याहून उंच असेल तर आत शिरूच नका. फ्रान्सचे कालवे गाठायचे तर डोलकाठी उतरवूनच जावं लागतं.

स्लूप, कटर की केच?

दोन माणसं आणि चाळीस फुटांच्या आतली बोट असेल तर स्लूप (एक डोलकाठी, पुढे एक शीड) किंवा कटर (एक डोलकाठी, पुढे दोन शिडं). केचला दुसरी डोलकाठी म्हणजे ती ताणून धरणाऱ्या तारांचा दुसरा संच. तो बदलायचा खर्च आठवला की केचचा रुबाब थोडा कमी होतो.

जाहिरातीतल्या गुणोत्तरांवर किती विश्वास ठेवायचा?

दोन बोटींची तुलना करण्यापुरता. लांबीच्या तुलनेत वजन सांगणारा आकडा २०० ते ३०० असेल तर बोट मध्यम, ३०० च्या वर जड, २०० च्या खाली हलकी. वजनाच्या तुलनेत शिडाचं क्षेत्रफळ सांगणारा आकडा १५ च्या खाली असेल तर हलक्या वाऱ्यात इंजिनची तयारी ठेवा.

उलटण्याच्या धोक्याचा आकडा सगळ्यांना भुरळ घालतो. १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, वादळाने गाठलं आणि १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या अभ्यासातून हे सूत्र आलं. उत्तर २ च्या खाली असलं तर बरं, असं मानतात. पण त्यात फक्त रुंदी आणि वजन धरलंय, वजन कुठे आहे ते नाही. कीलमधलं शिसं काढून डोलकाठीच्या टोकाला बांधलं तरी उत्तर तेच येईल! त्यापेक्षा बोट किती अंशांपर्यंत कलली तरी परत सरळ होते, तो कोन शोधा. महासागरासाठी १२० अंशांच्या आसपास किंवा जास्त असलेला चांगला. आणि छापील वजन रिकाम्या बोटीचं असतं. पाणी, डिझेल, साखळी, डबे-बाटल्या भरल्या की एखादा टन सहज वाढतो.

‘सीई श्रेणी ए’ म्हणजे महासागरासाठी तयार ना?

तयार नाही, पात्र. तेही नवी असताना. युरोपात १९९८ पासून ही वर्गवारी बंधनकारक झाली. ‘ए’ म्हणजे वाऱ्याच्या ब्यूफर्ट मापावर ८ च्या वरचा वारा आणि ४ मीटरपेक्षा मोठ्या लाटा धरून आखलेली बोट. ‘बी’ म्हणजे ८ आणि ४ मीटरपर्यंतची. वीस वर्षं वापरलेल्या तारा आणि झिजलेले व्हॉल्व्ह याबद्दल ती पाटी काहीच बोलत नाही. १९९८ आधीच्या बोटींवर पाटी नसते, म्हणून त्या कच्च्या ठरत नाहीत.

फायबरग्लास सोडून दुसरं काही बघावं का?

पहिली बोट असेल तर नको. पोलादी बोट आतून गंजते, बाहेरचा रंग चकचकीत राहतो. पत्र्याची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. अॅल्युमिनियम उत्तम, पण तांबं असलेला तळाचा रंग तिला चालत नाही आणि विजेची गळती तिला खाते. लाकडी बोट म्हणजे स्वतंत्र छंदच. फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपलेली) बोट स्वस्त मिळते, पण तिचा विमा काढताना नाकी नऊ येतात.

तळाला फोड आलेत. सोडून देऊ का?

एवढ्यावरून नको. पाणी जेलकोटमधून, म्हणजे फायबरग्लासच्या वरच्या गुळगुळीत थरातून, आत झिरपतं, रेझिनमधल्या विरघळणाऱ्या पदार्थांशी मिळतं आणि फोड धरतो. तो फोडला की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ऑस्मोसिस ते हेच. दिसतं भयानक, पण फोडांमुळे बोट बुडाल्याचं सहसा ऐकू येत नाही. थोडे फोड असतील तर भाव कमी करून घ्या. सगळा तळ फोडांनी भरला असेल तर जेलकोट सोलणं, महिनोन्‌महिने वाळवणं आणि इपॉक्सीचे थर हा खर्च किमतीतून वजा करा.

मग घाबरायचं कशाला?

ओल्या डेकला, आणि तळ आपटलेल्या कीलला.

बहुतेक फायबरग्लास डेक म्हणजे दोन पातळ थर आणि मधे बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोम. कठड्याचे खांब, विंच, झडपा यांच्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि मधलं लाकूड कुजतं. वरून काही दिसत नाही. म्हणून स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या, जिथे डेक नक्की टणक आहे तिथून सुरुवात करा आणि टकटक करत पुढे सरका. चांगल्या जागी आवाज ‘टक’ असा कोरडा येतो. सडलेल्या जागी तोच ‘थप’ होतो, आत ओला पुठ्ठा असावा तसा. आवाज बदलला की तिथे चिकटपट्टी लावत जा. अर्ध्या तासाने उभं राहून बघा, पट्ट्यांनी नकाशा काढलेला असतो. खांबांच्या बुडाशी तळहाताएवढे डाग दुरुस्त होतात. अर्धं डेक पट्ट्यांनी भरलं तर विक्रेत्याला नमस्कार करा आणि निघा.

सागवानी पट्ट्यांचं डेक असेल तर दुप्पट सावध राहा. जुन्या पद्धतीत त्या पट्ट्या स्क्रूंनी ठोकलेल्या असतात आणि प्रत्येक स्क्रू म्हणजे डेकच्या पोटात जाणारं एक भोक. डोलकाठी डेकवर उभी असेल तर खाली केबिनमध्ये तिचा भार पेलणारा खांब असतो. शौचालयाचं दार तिथेच कुठेतरी असतं. ते चौकटीत अडकत असेल तर दार फुगलंय असं विक्रेता सांगेल. तुम्ही खांबाच्या बुडाशी बॅटरी मारा, डेक खाली बसलाय का ते कळेल.

आता कील. मे २०१४ मध्ये ‘चीकी राफिकी’ ही बोट अँटिग्वाहून ब्रिटनला परतताना अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली आणि चारही खलाशी गेले. आधीचे तळ आपटण्याचे प्रसंग आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी आतली रचना कमकुवत झाली असावी, असं ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाच्या अहवालात आहे. अनेक आधुनिक बोटींत हलच्या, म्हणजे बोटीच्या कवचाच्या, आत जाळीसारखा साचा चिकटवलेला असतो आणि कीलचा भार तो वाटून घेतो. कील खडकावर आदळली की तिचं मागचं टोक वर दाबलं जातं. म्हणून फळ्या उचलून बिल्जमध्ये, म्हणजे खालच्या पोकळीत, कीलच्या मागच्या टोकाभोवती बघा: बारीक चिरा, सुटलेला साचा, नंतर मारलेला ताजा रंग. बोल्टांभोवती गंजाचा ओघळ आणि बाहेरून कील-हलच्या सांध्यात पुढे उघडलेली फट, याही खुणा. विक्रेत्याला थेट विचारा, तळ कधी टेकला होता आणि दुरुस्ती कुणी केली. बोट फिरलेली असेल तर ‘कधीच नाही’ या उत्तरापेक्षा ‘एकदा, हे बिल’ हे उत्तर चांगलं.

तारा आणि डोलकाठी डोळ्यांनी तपासता येते का?

थोडीफार. तारेवरून कापूस फिरवा, तुटलेला धागा असेल तर कापूस अडकतो. हात फिरवू नका, रक्त निघेल. तारेच्या टोकाच्या दाबलेल्या नळ्या भिंगातून बघा, उभी चीर म्हणजे तार बदला. स्टेनलेस तारांचं आयुष्य ढोबळ मानाने १० ते १५ वर्षं धरतात आणि विमा कंपन्याही त्याच सुमारास विचारायला लागतात. ‘शेवटच्या कधी बदलल्या’ याचं कागदी उत्तर नसेल तर बदलायचा खर्च धरूनच भाव करा.

लपलेला धोका चेनप्लेटचा, म्हणजे तारा ज्या धातूच्या पट्टीला बांधतात तिचा. स्टेनलेसला टिकायला प्राणवायू लागतो. पट्टी डेकमधून जाते तिथे ती ओली राहते आणि हवा पोचत नाही, म्हणून नेमकी त्या इंचभर जागेत आतून खचते. केबिनच्या लाकडावर तपकिरी ओघळ दिसला तर पट्टी काढून बघितल्याशिवाय बोलणं पुढे नेऊ नका.

इंजिनचे तास कमी आहेत. चांगलंच ना?

नेहमीच नाही. वीस वर्षांत चारशे तास म्हणजे इंजिन बहुतेक काळ गंजत पडून होतं. नियमित तेल बदललेलं, तीन हजार तास चाललेलं डिझेल मला जास्त भरवशाचं वाटतं.

मी येण्याआधी इंजिन सुरू करू नका, असं फोनवरच सांगा. पोचल्यावर आधी इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर का, ते विचारा. थंड असताना नीट सुरू न होणारं इंजिन लपवायची हीच युक्ती असते. तेलाची पट्टी काढा, तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. धूर बघा: काळा म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही किंवा इंजिनावर भार जास्त, निळा म्हणजे तेल जळतंय, पांढरा आणि न थांबणारा म्हणजे पाणी किंवा न जळलेलं डिझेल. एक्झॉस्टमधून पाणी धडधड पडतंय का तेही बघा. सेलड्राइव्ह (हलमधून थेट खाली उतरणारा, पंखा फिरवणारा पाय) असेल तर हलमधल्या रबरी पडद्याची तारीख विचारा. व्होल्व्हो पेंटा तो ७ वर्षांनी बदलायला सांगते, आणि बदलायला बोट पाण्याबाहेर काढावी लागते.

पाण्याखालच्या व्हॉल्व्हचं काय?

बोटीच्या तळातल्या भोकांवर बसवलेले हे व्हॉल्व्ह एकेक करून हाताने फिरवून बघा. न फिरणारा व्हॉल्व्ह म्हणजे नसलेला व्हॉल्व्ह. धातू खरवडल्यावर गुलाबी दिसला तर पितळातलं जस्त निघून गेलंय, हातोडीच्या हलक्या टोल्याने तो तुटू शकतो. कांस्याचे असतील तर ही काळजी कमी.

साहित्याची यादी भली मोठी आहे. त्याचे जास्त पैसे द्यावेत का?

विक्रेता यादी विकतो. तुम्ही मात्र हल, डेक, कील, सुकाणू, डोलकाठी आणि इंजिन विकत घेताय. दहा वर्षांपूर्वीचा रडार आणि चार्टप्लॉटर म्हणजे शोभेची वस्तू. चांगली शिडं, दणकट नांगर, सोलर पॅनेल, स्वयंचलित सुकाणू यांना किंमत द्या. शीड उघडून हातात घ्या. नवं डेक्रॉन, म्हणजे शिडाचं पॉलिएस्टर कापड, कडक असतं, थकलेलं चादरीसारखं मऊ. शिवणीवर नख ओढा, दोरा तुटला तर उन्हाने शिवण खाल्ली आहे.

गॅसची जागाही बघा. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर बिल्जमध्ये साठून राहतो. सिलिंडरची पेटी केबिनच्या बाजूने हवाबंद आणि तिचा निचरा थेट बोटीबाहेर असायला हवा.

भाड्याने फिरवलेली बोट घ्यावी का?

भाव बरा मिळतो आणि तिच्यावर नियमित हात फिरलेला असतो. पण इंजिनचे तास भरपूर, टाक्या लहान, आणि आखणी चार पाहुणी जोडपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली. दोघांना राहायला चार शौचालयं कशाला? आणि ज्यांनी ती चालवली त्यांनी तळ आपटल्याचं सांगितलं असेलच असं नाही, म्हणून कीलचा परिच्छेद पुन्हा वाचा.

कॅटामरान?

कलत नाही, प्रशस्त आहे, उथळ पाण्यात जाते. इंजिनं दोन, धक्क्याचं भाडं बहुधा जास्त. आणि सामान भरत गेलात की तिचा वेग सगळ्यात आधी जातो. जास्त सामान घेऊन राहणाऱ्यांनीच ती निवडावी, हा तिच्याबाबतचा विरोधाभास आहे.

एवढं सगळं स्वतः तपासलं तर सर्व्हेअर कशाला?

तुमची तपासणी असते नकोशा बोटी गाळायला, त्याची उरलेली बोट तपासायला. विमा कंपनीलाही त्याचाच अहवाल लागतो. सर्व्हेअर तुम्ही शोधा, पैसे तुम्ही द्या. विकणाऱ्या दलालाने सुचवलेला घेऊ नका, माणूस भला असला तरी. बोट पाण्याबाहेर काढून तपासायची आणि नंतर समुद्रात चालवून बघायची, या दोन्ही अटी घालूनच बयाणा द्या. तपासणीच्या दिवशी तुम्ही तिथे हजर राहा. अहवालात न लिहिलेलं पुष्कळ तो तोंडी सांगतो.

समुद्रात नेल्यावर सगळी शिडं उभारा, शीड कमी करण्याची दोरखंडं चालतात का बघा, इंजिन काही मिनिटं पूर्ण गतीवर चालवा, आणि जोरात कलल्यावर खाली जाऊन फळ्या उचला. पाणी कुठून येतंय ते तेव्हाच दिसतं.

बजेट कसं बांधायचं?

हातातले सगळे पैसे बोटीवर घालवू नका. किमतीच्या २० ते ३० टक्के पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला काढा. त्यानंतर देखभालीला दरवर्षी किमतीच्या साधारण १० टक्के, असा जुना ठोकताळा आहे. बोट स्वस्त मिळाली तर हा ठोकताळा फसतो, कारण तारा आणि शिडं बोटीच्या किमतीनुसार नव्हे, तिच्या आकारानुसार महाग असतात. जवळजवळ फुकट मिळणारी चाळीस फुटी बोट म्हणूनच पडून असते.

कागदपत्रांत काय बघायचं?

मालकी सलग दाखवणारे विक्रीचे दस्त, बोटीवर कर्ज किंवा थकबाकी नसल्याची खात्री, आधीच्या देशातल्या नोंदणीतून नाव काढल्याचा दाखला. युरोपात मूल्यवर्धित कर भरल्याचा पुरावा मागा, तो नसला तर भुर्दंड नव्या मालकाच्या माथी येऊ शकतो. बोटीच्या मागच्या टोकाला उजव्या बाजूला कोरलेला हल क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. दलालाने ‘नंतर पाठवतो’ म्हटलेला कागद येईपर्यंत पैसेही नंतरच.

बोटीचं नाव बदललं तर अपशकुन होतो का?

दर्याचा कोप होईल की नाही ते तुमच्या श्रद्धेवर. नोंदणी, विमा आणि रेडिओचा परवाना मात्र नव्या नावाने करून घ्या. संकटात उपग्रहाला हाक देणाऱ्या ईपर्बची नोंदही पहिल्याच आठवड्यात बदला, नाहीतर बटण दाबल्यावर बचाव पथक जुन्या मालकाला फोन करेल आणि तो सांगेल, मी तर घरी आहे.